माइल्स देणारी क्रेडिट कार्डं: नियम बदलले की गोव्यातून हिशेब कसा मांडायचा

चवथीच्या आदल्या दिवशी घरात माटोळी बांधायची गडबड चालू होती, तेव्हा फोन कुठे होता हेही मला ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात माझ्या एका कार्डाच्या बँकेची मेल आली होती. विषयात एवढंच: 'आपल्या कार्डाविषयी महत्त्वाची सूचना'. जाहिरातींच्या ढिगात पडलेली ती मेल मी उघडली दीड महिन्याने. तोवर माझ्या ४२,००० पॉइंटांचे जे ४२,००० माइल्स व्हायचे, त्यांचे २१,००० झाले होते. (कार्डाच्या खर्चावर बँक पॉइंट देते, त्यांचे विमान कंपनीचे माइल्स होतात आणि माइल्सवर तिकीट काढता येतं.) दिवाळीनंतर आम्ही चौघं दिल्लीला बहिणीकडे जाणार होतो. माइल्सवर दोघांचीच तिकिटं बसली, उरलेल्या दोघांसाठी रोख मोजले.

कुंडईच्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्या दिवसापासून कार्डांसाठीही एक दोनशे पानी वही घातली. ओळखीच्या, नात्यातल्या बऱ्याच जणांनी ती वही बघून आपापली कार्डं बदलली. त्या वहीतली रीत इथे क्रमाने लिहिते आहे. (गोव्यात 'माइल्स' म्हटलं की आधी टॅक्सीचं ॲप आठवतं. इथे बोलणं विमान कंपन्यांच्या माइल्सविषयी आहे.)

सुरुवातीलाच एक अट

दर महिन्याचं बिल पूर्ण आणि वेळेवर भरत असाल तरच पुढे वाचा. बहुतेक कार्डांवर थकबाकीचं व्याज महिन्याला ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के पडतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ४०,००० रुपये एक महिना राहिले तर ३.७५ टक्क्यांनी १,५०० रुपये व्याज, जीएसटी धरून १,७७०. त्याच ४०,००० च्या खरेदीवर शंभराला २ माइल्स मिळाले तर झाले ८०० माइल्स, ज्यांची किंमत सहा-सातशे रुपये. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून माइल्स जमवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी कळकळीने सांगते की आधी थकबाकी संपवा. माइल्सचं नंतर बघता येईल.

बँका नियम का बदलतात

हे समजून घेतलं तर पुढचा बदल कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो. आपण कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशांतून थोडा हिस्सा कापला जातो आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. त्या वाट्यातून बँक विमान कंपनीकडून माइल्स विकत घेते आणि आपल्याला देते. जिथे हा हिस्सा मुळात बारीक असतो, म्हणजे पेट्रोल, विजेचं बिल, सरकारी कर, विमा, तिथे माइल्स देणं बँकेला परवडत नाही. म्हणून कात्री आधी तिथेच लागते. घरभाड्याचंही तसंच. लोकांनी ॲपवरून भाडं भरून पॉइंट उपसायला सुरुवात केली आणि बहुतेक बँकांनी त्यावर शुल्क लावलं किंवा पॉइंट बंद केले. शिवाय रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी बँकांच्या क्रेडिट कार्ड कर्जावरचा जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. हा खर्च शेवटी आपल्या पॉइंटांतून वळता होतो.

दुसरी बाजू विमान कंपनीची. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब या माइल्स योजनेत जसेच्या तसे आले खरे, पण विस्ताराच्या नावाने ॲक्सिस, एसबीआय आणि आयडीएफसी फर्स्टने काढलेल्या कार्डांची मोफत तिकिटांची व्हाउचरं पुढच्या काही महिन्यांत बंद झाली. ती कार्डं लोकांनी घेतली होती मुख्यतः त्या व्हाउचरांसाठीच.

आणि काही वेळा कार्ड तेच, कंपनी तीच, फक्त आकडा बदलतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे पॉइंट १ सप्टेंबर २०२३ पर्यंत ५ ला ४ माइल्स या दराने बदलत, त्या दिवसापासून ५ ला २ झाले आणि महिन्याच्या खर्चावरचा २५,००० पॉइंटांचा बोनसही गेला. एअर इंडिया एसबीआय प्लॅटिनम कार्डावर एअर इंडियाच्या तिकिटाला शंभर रुपयांमागे १५ पॉइंट मिळत, ते ३१ मार्च २०२५ पासून ५ झाले. त्याच्याच वरच्या सिग्नेचर कार्डाचे ३० होते, ते १० झाले.

पायरी १: गोव्यातून आपण नेमके कुठे उडतो

कार्डांच्या जाहिराती मुंबई-दिल्लीवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याला आपलं बघायला हवं. वहीच्या पहिल्या पानावर मागच्या दोन वर्षांतले घरच्यांचे सगळे विमान प्रवास लिहून काढा: कुठून कुठे, कोणत्या कंपनीने, कोणत्या महिन्यात, किती रुपयांत.

माझ्या पानावर अकरापैकी आठ प्रवास इंडिगोचे निघाले. इंडिगो कुठल्याही जागतिक आघाडीत, म्हणजे एकमेकांचे माइल्स चालवून घेणाऱ्या कंपन्यांच्या गटात, नाही. तिची स्वतःची ब्लूचिप नावाची माइल्स योजना २०२४ पासून आहे. एअर इंडिया मात्र २०१४ पासून स्टार अलायन्स या आघाडीत आहे. महाराजा क्लबचे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्तान्सावरही वापरता येतात, पण त्यांची विमानं पकडायला आधी मुंबई, दिल्ली किंवा बंगळूर गाठावं लागतं. कतार एअरवेजचे एव्हियॉस (त्यांच्याकडचे माइल्स) असतील तर गोव्याहून थेट दोहा आणि तिथून पुढे, हा रस्ता आहे. भावोजी मस्कतला असतात, म्हणून आखातातल्या कंपन्यांवर माझं कायम लक्ष असतं.

मुंबईहून सुरू होणाऱ्या माइल्सच्या तिकिटाला मडगाव किंवा थिवीहून रेल्वेचं भाडं, एका रात्रीचा मुक्काम आणि पावसाळा असेल तर कोकण रेल्वेचं संथ वेळापत्रक हे सगळं जोडा. तिकिटं वेगवेगळी असतील तर गाडी उशिरा आली म्हणून विमान कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. मी अशा प्रवासाला नेहमी आदल्या दिवशीच निघते.

त्यात दोन विमानतळांचा प्रश्न आहेच. मोपा ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि तेव्हापासून कंपन्या दाबोळीहून तिकडे सरकताहेत. कतार एअरवेज २०२४ मध्ये गेली. आम्हा फोंडेकरांना दाबोळी जवळ, पेडणे-डिचोलीवाल्यांना मोपा. माइल्सचं तिकीट लांबच्या विमानतळावरून मिळत असेल तर टॅक्सीच्या भाड्यातला फरक त्या तिकिटाच्या किमतीत धरा. एकटा माणूस असेल तर कदंबच्या बसने भागतं. म्हातारी आई, दोन बॅगा आणि पहाटेचं विमान असेल तर भागत नाही.

या पानावरून एकच निष्कर्ष काढायचा: कोणत्या एका किंवा दोन कंपन्यांचे माइल्स आपण खरोखर वापरू. त्या कंपन्या कार्डाच्या पार्टनर यादीत, म्हणजे ज्यांच्याकडे पॉइंट हलवता येतात त्यांच्या यादीत, नसतील तर ते कार्ड कितीही गाजलेलं असो, आपल्या कामाचं नाही. नावातही फसू नका. एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. एकीचा नियम दुसरीला लागू असेलच असं धरून चालू नका.

पायरी २: वर्षभराचा खर्च वेगळा काढा

बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढा आणि खर्च ढिगांत मांडा. उदाहरणासाठी ६ लाखांचं घर घेऊ: वाणसामान आणि बाजार १,२०,०००, वीज, पाणी, फोन ४८,०००, पेट्रोल ६०,०००, विम्याचे हप्ते ५५,०००, शाळेची फी ७०,०००, विमान तिकिटं ८०,०००, कपडे, हॉटेल, ऑनलाइन खरेदी आणि बाकीचं १,६७,०००.

आता प्रत्येक ढिगासमोर लिहा की हे कार्ड यावर माइल्स देतं की नाही. जाहिरातीवर जाऊ नका. बँकेच्या संकेतस्थळावर 'मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स' नावाची लांबलचक पीडीएफ असते, ती उघडा आणि 'एक्सक्लूजन' (वगळलेले खर्च) हा शब्द शोधा. काही ठिकाणी माइल्स मिळतात पण मर्यादेपर्यंतच. एचडीएफसीने १ सप्टेंबर २०२४ पासून वीज-पाण्याच्या बिलांवर महिन्याला २,००० पॉइंटांची मर्यादा घातली आणि मधल्या एखाद्या ॲपवरून भरलेल्या शिक्षण फीवरचे पॉइंट बंद केले. तीच फी शाळेच्या संकेतस्थळावर किंवा शाळेतल्या मशीनवर भरली तर मिळतात. एवढ्या एका सवयीने वर्षाला फरक पडतो.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण बहुतेकांचे माइल्स इथे बुडतात. दुकान काय विकतं हे बँक बघत नाही, दुकानाच्या मशीनला कोणता चार आकडी वर्ग-क्रमांक दिला आहे ते बघते. विमान कंपनीचा वर्ग वेगळा, ट्रॅव्हल एजंटाचा ४७२२, पेट्रोल पंपाचा ५५४१, शाळेचा ८२११, भाड्याचा ६५१३. मी पणजीतल्या एका एजंटाकडून तिकीट काढलं, तेव्हा 'विमान तिकिटाला शंभरामागे ५' या हिशेबाने माइल्स येतील म्हणून वाट बघत बसले. आले शंभराला २, कारण बँकेच्या लेखी मी विमान कंपनीकडून काही घेतलंच नव्हतं. नवीन ठिकाणी मोठी रक्कम भरायच्या आधी शंभर-दोनशे रुपयांचा छोटा व्यवहार करून बघा. पॉइंट आले की मग मोठी रक्कम भरा.

पायरी ३: एका माइलची आपल्यापुरती किंमत काढा

एका माइलची ठरलेली किंमत नसते. ती प्रवासागणिक बदलते, आणि बँकेचा कल आपल्याला सर्वात महागडा बिझनेस क्लास दाखवण्याकडे असतं. आपण काढायची ती आपल्या प्रवासाची.

रीत सोपी आहे. ज्या दिवशी जायचं त्या दिवसाचं तेच तिकीट रोखीने कितीला आहे ते बघा. माइल्सच्या तिकिटावर भरावे लागणारे कर आणि शुल्क त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागा. समजा गोवा-दिल्ली रोखीने ७,२०० रुपये, माइल्सने ७,००० माइल्स अधिक १,३०० रुपये. ७,२०० वजा १,३०० म्हणजे ५,९००. भागिले ७,०००, म्हणजे माइलला ८४ पैसे.

हे एकदाच करू नका. मी रविवारी संध्याकाळी बसून तीन तारखा बघते: ऑक्टोबरमधला एखादा मंगळवार, दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार आणि नाताळच्या आदला आठवडा. मंगळवारी रोखीचं तिकीट इतकं स्वस्त असतं की माइल वापरणं म्हणजे तो वाया घालवणं. नाताळात रोखीचं तिकीट गगनाला भिडतं आणि तेव्हा माइल सोन्यासारखा वाटतो, पण त्या दिवसांत माइल्सची सीट शिल्लक असेल तर. गोव्याकडे सगळा देश येत असतो त्याच दिवसांत आपण बाहेर जातो किंवा परत येतो, म्हणून परतीची सीट आधी शोधा. गोव्यातून डिसेंबरच्या शेवटी निघणं त्यामानाने सोपं असतं. त्या दिवसांत गोव्यात यायचं तिकीट मिळवणं कठीण.

आणखी दोन कपाती. रोखीने तिकीट काढलं असतं तर त्यावर माइल्स मिळाले असते, ते आता मिळणार नाहीत. आणि जे तिकीट तुम्ही रोखीने कधीच काढलं नसतं, त्याची छापील किंमत धरू नका. ६०,००० चं बिझनेस क्लासचं तिकीट माइल्सने मिळालं म्हणजे ६०,००० वाचले असं होत नाही. तुम्ही एरवी ज्या वर्गाने गेला असता त्याचेच पैसे वाचतात. तीन तारखांच्या किमतींपैकी मधली घ्या आणि थोडी खाली उतरवा. माझ्या वहीत सध्या माइलला ८० पैसे लिहिलेले आहेत.

पायरी ४: दोन कार्डं शेजारी ठेवा

आता खरा हिशेब. आपलं ६ लाखांचं घर आणि दोन काल्पनिक कार्डं. पहिलं माइल्सचं: वार्षिक फी ५,०००, जीएसटीसह ५,९००. विमान कंपनीच्या तिकिटावर शंभराला ५ पॉइंट, बाकी शंभराला २. पेट्रोल, वीज-पाणी-फोन आणि विमा यांवर काही नाही. वर्षात ३ लाखांचा पात्र खर्च झाला की २,५०० पॉइंट जास्त. दुसरं साधं कॅशबॅकचं: फी नाही, पेट्रोल आणि विमा सोडून सगळ्यावर दीड टक्का.

पहिल्या कार्डावर १,६३,००० चा खर्च बाद झाला. उरले ४,३७,०००. त्यातल्या ८०,००० च्या तिकिटांवर ४,००० पॉइंट, ३,५७,००० वर ७,१४०, आणि बोनसचे २,५००. एकूण १३,६४० पॉइंट. दुसऱ्या कार्डावर ४,८५,००० चा दीड टक्का, म्हणजे ७,२७५ रुपये थेट हातात.

पॉइंट १ ला २ माइल्स या दराने बदलत असतील तर १३,६४० चे २७,२८० माइल्स. ८० पैशांनी २१,८२४ रुपये, फी वजा जाता १५,९२४. कॅशबॅकच्या दुपटीहून जास्त. हे कार्ड ठेवावं.

आता समजा बँकेने दर १ ला १ केला. बाकी एक अक्षरही बदललं नाही. १३,६४० माइल्स, १०,९१२ रुपये, फी वजा जाता ५,०१२. कॅशबॅकचं फुकट कार्ड २,२६३ रुपयांनी पुढे गेलं. या परिस्थितीत माइल्सचं कार्ड बरोबरीला यायचं तर प्रत्येक माइल जवळजवळ ९७ पैशांना वापरता यायला हवा. (७,२७५ अधिक ५,९००, भागिले १३,६४०.) वहीच्या त्या पानावर मी हा 'बरोबरीचा पैसा' लाल पेनाने लिहिते. पायरी ३ मधली आपली किंमत याच्याखाली गेली की कार्डाचा विचार संपला.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की शंभराला किती पॉइंट मिळतात हे शेवटी बघा. आधी बघा ते पॉइंटाचे माइल्स कोणत्या दराने होतात. बदल झाला की मोठा घाव याच आकड्यावर बसतो आणि जाहिरातीत हाच आकडा सर्वात बारीक अक्षरांत असतो.

दर चांगला असला तरी मर्यादा बघा. ॲक्सिसने २० डिसेंबर २०२३ पासून आपल्या पार्टनरांचे दोन गट केले. ॲटलस कार्डाला सिंगापूर एअरलाइन्सच्या गटात वर्षाला ३०,००० आणि एअर इंडियाच्या गटात १,२०,००० पॉइंटांपर्यंतच ट्रान्सफर, म्हणजे पॉइंट हलवून त्यांचे माइल्स करणं, ठेवली. वर्षभरानंतर त्यांनी ट्रान्सफरच्या प्रत्येक वेळेला १९९ रुपये शुल्कही लावलं. आपल्या ६ लाखांच्या घराला या मर्यादेचा त्रास नाही, पण ज्यांनी तीन वर्षांचे पॉइंट साठवून ठेवले होते त्यांना झाला.

पहिल्या वर्षीचा स्वागत बोनस या हिशेबात धरू नका. तो वेगळ्या ओळीत लिहा. कार्ड घ्यायचं का, यासाठी तो मोजा. दुसऱ्या वर्षी फी भरायची का हे ठरवताना त्याला जागा नाही.

कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये मिळणाऱ्या मोफत प्रवेशालाही मी कमीच किंमत देते. गोव्याहून वर्षाला दोन-तीनदा उडणाऱ्या माणसाला ते दोन-तीनदा चहा-नाश्ता एवढंच आहे. शिवाय आता बहुतेक बँका आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला तरच आत सोडतात. आयसीआयसीआयच्या बऱ्याच कार्डांवर ही अट ३५,००० होती, ती १५ नोव्हेंबर २०२४ पासून ७५,००० झाली.

परदेशी खर्चाचं मात्र नीट बघा. साधारण कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क ३.५ टक्के, जीएसटीसह ४.१३ टक्के. मस्कतला ५०,००० रुपयांची खरेदी केली की २,०६५ रुपये गेले, आणि माइल्सने ते भरून येत नाहीत. त्यासाठी कमी शुल्काचं वेगळं कार्ड ठेवा. दुकानदाराने मशीनवर 'रुपयांत की रियालात' विचारलं तर रियाल दाबा. रुपये दाबले की तिथल्या मशीनचा दर लागतो आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो.

पायरी ५: बदलाची मेल आली की त्याच दिवशी काय करायचं

आधी ती दिसायला हवी. बँकेच्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलला वेगळं लेबल लावा आणि महिन्यातून एकदा, बिल भरायच्या दिवशी, तेवढंच लेबल उघडा. वहीत दर महिन्याला एक ओळ: तारीख, पॉइंट किती, ट्रान्सफरचा दर किती. ही ओळ लिहायला लागल्यापासून माझ्या हातून एकही बदल सुटलेला नाही.

मेलमध्ये तीन गोष्टी शोधा. बदल कोणत्या तारखेपासून. तो खरेदीच्या तारखेला धरून आहे की खात्यात नोंद होण्याच्या तारखेला, कारण महिनाअखेरीची खरेदी दोन-तीन दिवसांनी नोंदली जाते आणि नव्या नियमात सापडते. आणि जुने जमलेले पॉइंट जुन्या दराने बदलता येतील का, आणि कधीपर्यंत.

मग पायरी ४ चा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडा. पंधरा मिनिटांचं काम आहे. घाबरून सगळे पॉइंट लगेच ट्रान्सफर करू नका. ट्रान्सफर उलटत नाही. माइल्स एकदा विमान कंपनीकडे गेले की तिथली मुदत चालू होते. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स तीन वर्षांत मरतात, कतारचे एव्हियॉस ३६ महिने खातं निपचित राहिलं तर जातात. आधी कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून सीट आहे का बघा, सीट दिसली तर पॉइंट हलवा. फक्त दोन प्रसंगी मी सीट न बघता हलवते: दर अर्ध्यावर येणार असेल आणि तारीख जवळ असेल तेव्हा, किंवा कार्ड बंद करायचं ठरलं असेल तेव्हा.

ट्रान्सफरला कधी काही मिनिटं लागतात, कधी काही दिवस. शेवटच्या तारखेच्या रात्री बसू नका. आणि विमान कंपनीच्या खात्यातलं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आमच्या नात्यातल्या दोघींची ट्रान्सफर याच कारणाने अडकली.

साठवून ठेवण्याचा मोह सगळ्यात वाईट. मानकुराद आंब्यांची पेटी कोणी गणपतीपर्यंत ठेवत नाही. माझा नियम असा की पुढच्या एका ठरलेल्या प्रवासाला पुरतील एवढेच पॉइंट जमू द्यायचे, मग ते वापरायचे. बहिणीकडे जायचं असेल तर चार तिकिटांपुरते. त्यापुढचा खर्च मी सरळ कॅशबॅकच्या कार्डावर वळवते.

पायरी ६: कार्ड सोडायचं ठरलं तर

फीची नोंद पडायच्या एक महिना आधी बँकेला फोन करा आणि सांगा की बदललेल्या नियमांमुळे कार्ड परवडत नाही, बंद करायचं आहे. बरेचदा फी माफ होते किंवा खर्चाचं एखादं लक्ष्य देऊन परत करतात. लक्ष्य आपल्या नेहमीच्या खर्चात बसत असेल तरच हो म्हणा. फी वाचवायला जास्तीची खरेदी करणं हा उलटा धंदा.

रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी आपल्याला इथे बरंच बळ दिलं आहे. बँकेला शुल्क वाढवायचं असेल तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं, आणि त्या वाढीमुळे कार्ड परत करणाऱ्याकडून बंद करण्याचे पैसे घेता येत नाहीत. सगळी बाकी भरून बंद करण्याचा अर्ज दिला की सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाही झालं तर दिवसाला ५०० रुपये दंड, आणि तो आपल्याला मिळतो. म्हणून अर्ज फोनवर नको, मेलने द्या, आणि तारीख वहीत लिहा. तक्रार करूनही तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि ती फुकट असते.

बंद करण्याआधी क्रम पाळा. पॉइंट वापरा किंवा हलवा, कारण कार्ड गेलं की बहुतेक बँकांत उरलेले पॉइंटही जातात. कार्डाला जोडलेली आपोआप कापली जाणारी बिलं, म्हणजे विम्याचा हप्ता, मोबाइल, ओटीटी, दुसऱ्या कार्डावर न्या. घरच्यांना दिलेली ॲड-ऑन कार्डं गोळा करा. आईच्या पाकिटातलं कार्ड दुकानात नाकारलं गेलं की तिला वाईट वाटतं. शेवटचं बिल शून्यावर आणा. सगळ्यात जुनं कार्ड मात्र बंद करू नका. त्याचं फी नसलेलं रूप मिळतं का ते विचारा, कारण जुन्या खात्याने क्रेडिट स्कोअरला आधार मिळतो.

बंद झाल्याची मेल आली की जपून ठेवा. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, प्रत्येक ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि त्यात त्या खात्यासमोर 'क्लोज्ड' लिहिलंय का बघा. लिहिलेलं दिसलं की कार्ड कात्रीने चिपेवरून आडवं कापा आणि वहीतल्या त्याच्या पानावर रेघ मारा.